कोरडी जागा

नवे यंत्र घरी आले म्हणजे आपण त्याची यथासांग पूजा करतो. कुंकवाचे बोट लावतो, झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, शेजारीपाजारी पेढे वाटतो. परंतु ते यंत्र मृग लागल्यावर ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न त्या दिवशी कोणाच्याही डोक्यात नसतो. बैल आणण्यापूर्वी गोठा सिद्ध असला पाहिजे, हे आपल्या वाडवडिलांस कळत होते. कारण बैल पावसात भिजला तर कुडकुडतो, दावणीशी मान टाकतो आणि त्याचे दुखणे पाहणाऱ्याच्या डोळ्यांस दिसते. यंत्र आजारी पडते ते आतून आणि मुक्याने. ऐन पेरणीच्या दिवशी ते चालेनासे झाले म्हणजे मग आपण कारागिराच्या नावाने बोटे मोडतो.

काटेवाडी म्हटले की वर्तमानपत्रे वाचणारांस पवारांचे गाव एवढेच आठवते. आम्हांस ते आठवते ते निराळ्या कारणाने. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्याखाली, आमच्या घराण्याची थोडी जमीन आहे. १९४८ च्या कूळकायद्यानंतर बरीचशी गेली आणि उरली ती सहा एकर. थोरले भाऊजी पुण्यास नोकरीत होते, हे शाळेत शिक्षक होते, आणि धाकट्या भाऊजींनी मात्र ती सहा एकर जमीन हट्टाने राखली. घर एकत्र, चूल एक, आणि हिशेबाची वही मामंजींनी माझ्या हाती दिल्यास आता पुष्कळ वर्षे झाली. त्यामुळे घरात कोणाचा पैसा कोठे गेला, हे मला सर्वांआधी कळते; आणि ते सर्वांस कळू द्यावयाचे की नाही, हेही पुष्कळदा मलाच ठरवावे लागते.

धाकट्या भाऊजींनी कर्ज काढून एक पॉवर टिलर आणला. दोन हातांनी मुठी धरून मागून चालत जावयाचे, मोठ्या ट्रॅक्टरचे जणू शेंडेफळच. उसाच्या सरीत ते जाते, मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून त्याचा उपयोग फार. आता आमच्या बाजूस पाऊस तो कितीसा? वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीच्या आडोशास असलेला हा कोरडा मुलूख. येथील जुनी घरे माळवदाची, वर मातीचे सपाट धाबे. कोकणात असले घर एका पावसाळ्यात विरघळून जाईल. त्यामुळे टिलरसाठी वेगळे छप्पर हवे, असे कोणास वाटलेच नाही. एक भक्कम ताडपत्री आणली, तिने यंत्र चहूबाजूंनी लपेटले आणि सुंभाने करकचून आवळून टाकले. पाण्याचा थेंबही आत जाणार नाही, असे घरातील सर्वांस वाटत होते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. आमचा पाऊस थोडा असला तरी तो सरळ नाही. आषाढ-श्रावणात भुरभुर, आणि खरा जोर परतीच्या पावसास, भाद्रपद-आश्विनात. तो पूर्वेकडून ढग घेऊन येतो, सायंकाळी गडगडाट करतो आणि तासाभरात शेताचे तळे करून जातो. २०२० च्या ऑक्टोबरात असाच पाऊस बारामती-इंदापूर भागात दोन दिवस कोसळला. ओढे रस्त्यांवर आले, उभा ऊस आडवा झाला. पाऊस थांबल्यावर चार-पाच दिवसांनी भाऊजींनी ताडपत्री सोडली तेव्हा वरून खरोखरीच कोठे गळले नव्हते. तरीही फाळांवर तांबूस साय धरली होती, तारांच्या टोकांवर हिरवट बुरा आला होता, आणि ताडपत्रीच्या आतल्या अंगास घामासारखे थेंब लोंबकळत होते. त्यात उंदरांनी एक तार कुरतडलेली. दुरुस्तीस सात हजार लागले आणि गव्हाच्या मशागतीचे दहा दिवस गेले ते निराळेच.

पाणी आले कोठून? वरून आले नाही हे उघड होते. ते आले खालून. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि ते वाफेच्या रूपाने हळूहळू सोडते. ती वाफ ताडपत्रीखाली कोंडली गेली. दिवसा ऊन पडले की आतली हवा तापे आणि अधिक बाष्प धरून ठेवी. रात्री लोखंड थंड पडले की तेच बाष्प त्याच्या अंगावर दवासारखे उतरे. पितळी तांब्यात गार पाणी भरून ठेवल्यावर बाहेरून घाम फुटतो, तोच हा प्रकार. हवेतील दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की उघडे लोखंड वेगाने गंजू लागते. घट्ट बांधलेल्या ताडपत्रीखाली तो त्याहून पुष्कळच अधिक असला पाहिजे. आम्ही पाऊस बाहेर ठेवला होता आणि ओल आत कोंडून घातली होती.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर सभा भरली. करोनाच्या साथीमुळे थोरले भाऊजी आणि जाऊबाई त्या वर्षी गावीच मुक्कामास होते, त्यामुळे सभेस गणसंख्या पूर्ण होती! थोरल्या भाऊजींचे म्हणणे असे की, विटांची पक्की खोली बांधावी, वर स्लॅब घालावा, लोखंडी दार लावावे. बारामतीच्या एका ठेकेदाराने आकडा सांगितला एक लाख पंच्याऐंशी हजार. धाकटे भाऊजी म्हणाले, "दादा, एवढ्या पैशात जुना टिलर आणखी एक येईल." थोरले म्हणाले, "पैसे मी देतो." आणि तेथेच सर्व गप्प झाले.

एकत्र कुटुंबात वावरलेल्या वाचकांस त्या शांततेचा अर्थ सांगावयास नको. जो पैसे देतो त्याची खोली होते. आज खोली झाली, उद्या तिच्याखालची जमीन होते, आणि परवा तलाठ्याकडे सात-बाराचा उतारा मागावयास माणूस जातो. थोरल्या भाऊजींच्या मनात असे काही नव्हते हे मी शपथेवर सांगेन. परंतु धाकट्या भाऊजींच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी पाहिले, आणि मामंजींनीही पाहिले. मामंजी एवढेच म्हणाले, "आधी स्वस्तात काय होते ते बघा. स्लॅब काही पळून जात नाही."

ह्या सभेचा वृत्तान्त कॅनडात पोहोचावयास अर्धा तासही लागला नाही. थोरल्या भाऊजींचा मुलगा तेथे असतो. त्याने मला छायाचित्रे पाठविली आणि वर लिहिले, "काकू, माझीही हीच रड आहे." त्याच्याजवळ बर्फावर धावणारी गाडी आहे. पुढे दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, वर घोड्यावर बसावे तसे बसावयाचे. आपल्याकडे गुलमर्गला प्रवाशांस तिच्यावरून फिरवितात, आणि सियाचिनला आपले सैनिक तिचा उपयोग करतात. मला तो निव्वळ श्रीमंती खेळ वाटला होता. परंतु तिच्या जन्माची कथा त्याने कळविली ती ऐकून माझे मत बदलले.

क्वेबेक प्रांतातील व्हाल्कूर नावाच्या खेड्यात १९०७ साली जोसेफ-आर्माँ बोंबार्दिए हा मनुष्य जन्मला. पंधराव्या वर्षी, १९२२ साली, त्याने जुन्या मोटारीचे इंजिन एका घसरगाडीवर बसवून, मागे विमानासारखा पंखा लावून ती गावातून पळविली. बापाने घाबरून ती मोडावयास लावली. पुढे १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बुजलेले, रुग्णालयात नेण्यास वाहन नाही. मूल घरीच गेले. तीन वर्षांनी, १९३७ साली, बर्फावर चालणाऱ्या पट्ट्याच्या रचनेचा हक्क त्यास मिळाला आणि सात माणसांस घेऊन जाणारी गाडी त्याने बाजारात आणली. हल्लीची एकट्या-दुकट्याची हलकी गाडी, स्की-डू, ही त्याने १९५९ साली काढली. पावसाळ्यात ओढ्यास पूर येऊन पलीकडे अडकलेली बाळंतीण ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ह्या गाडीचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

तर ही गाडी चार महिने धावते आणि आठ महिने बसून राहते. तेथे तिच्यासाठी पक्की खोली बांधणे आपल्याहून महाग, म्हणून पुष्कळ लोक स्वतःच्या हातांनी आडोसा उभारतात. पुतण्याने दुकानांबाहेर टाकून दिलेल्या लाकडी फळ्यांच्या चौकटी मांडून जमिनीपासून वीतभर उंच ओटा केला. त्यावर प्लॅस्टिकच्या नळ्या कमानीसारख्या वाकवून रोवल्या आणि वरून ताडपत्री ताणली. "पहिल्या वर्षी मी दोन्ही टोके बंद केली होती," त्याने लिहिले, "तर आतून सगळे ओले. दुसऱ्या वर्षी टोके उघडी ठेवली, तर कोरडे." कमान उभट ठेवली नाही तर वर बर्फ साचून त्याच्या वजनाने सगळे मोडून पडते, तेव्हा उतार हवाच. टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेतील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी बसत नाही. बॅटरी काढून घरात आणावी. धुराड्याच्या तोंडात तारेचा चोथा कोंबावा, नाहीतर उंदीर घर करतात. सात समुद्रांपलीकडे उंदीर मात्र अगदी आपल्यासारखेच!

त्याचे पत्र मी ओसरीवर वाचून दाखविले. टोके उघडी ठेवावयाची हे ऐकून थोरले भाऊजी हसले. पावसापासून रक्षण करावयाचे आणि भिंतच नको, हे त्यांस उलटे वाटले. परंतु मला ते ऐकल्यासारखे वाटले, आणि थोडा विचार केल्यावर कोठे ऐकले तेही आठवले.

आमच्या गावी आषाढात तुकोबांची पालखी येते तेव्हा परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्या पालखीभोवती धावून रिंगण करतात. त्या मेंढ्यांमागे जो धनगर असतो त्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ पाहावी. ती काही रबराची नव्हे. लोकरीला अंगची चिकट तेलकटी असते आणि वीण दाट असते, म्हणून पाणी वरच्यावर ओघळून जाते. पण ती खालून मोकळी असते आणि अंगाची वाफ बाहेर पडते. प्लॅस्टिकचा कागद पांघरणारा वारकरी तासाभराने स्वतःच्या घामाने भिजलेला असतो, आणि धनगर त्या मानाने कोरडा. कांद्याच्या चाळीतही तीच युक्ती. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, वर उतरते छप्पर, आणि बाजूंना फटीफटींचे कूड. कांद्यास पाणी लागता उपयोगी नाही आणि कोंडूनही उपयोगी नाही. पुणे-नगर-नाशिकचे शेतकरी महिनोन्‌महिने कांदा अशा चाळीत राखतात. मग कांद्यास जे कळते ते लोखंडास का चालू नये?

२०२१ च्या एप्रिलात, उसाचा हंगाम सरताना, आम्ही काम आरंभिले. ऊसतोडणीची टोळी आमच्या पडीक तुकड्यात दरवर्षी उतरते. बीडकडची माणसे, दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. ती राहतात कोपीत. वेळूच्या कांबी कमानीसारख्या वाकवून त्यांवर तट्ट्या आणि उसाचे पाचट टाकले की कोपी झाली. दोन माणसे अर्ध्या दिवसात उभी करतात. टोळीतील एक म्हातारी आमचा घोळ पाहत बसली होती. भाऊजी ओला वेळू जमिनीत पुरू लागले तशी ती म्हणाली, "दादा, त्याला वाळवी खाईल. बाभळ घ्या, आन् बूड भाजून घ्या." तिचे ऐकले. बाभळीच्या सहा मेढी तोडल्या, त्यांची खालची दीड हात टोके जाळावर काळी होईतो भाजली, वर डांबर फासले आणि मग पुरल्या. पाच वर्षे होत आली, त्यांपैकी एकीसही वाळवी लागलेली नाही.

परंतु मेढींच्या आधी जमीन. ज्यांस असे काही करावयाचे असेल त्यांनी अर्धा पैसा आणि अर्धे श्रम जमिनीवरच घालवावेत, असे माझे मत आहे. बारा फूट लांब आणि सात फूट रुंद जागेतील काळी माती आम्ही फूटभर खणून टाकली. तीवर काहीही उभे केले तरी ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि बारमाही ओल ओढते. त्या खड्ड्यात मुरूम भरला, पाणी शिंपडून थरावर थर धुमसला आणि जोते जमिनीपासून नऊ इंच वर आणले. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर वाळूचा पातळ थर, आणि वर जुन्या न्हाणीतून निघालेल्या शहाबादी फरश्या, बाहेरच्या अंगास किंचित उतरत्या. भोवती हातभर रुंद चर खणून तो ओढ्याकडे काढून दिला.

दिशेविषयी मामंजींचा शब्द प्रमाण मानला. मृगाचा वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झड मारतो, परतीचा पूर्वेकडून. म्हणून तोंड उत्तरेस. पुढची उंची साडेसात फूट, मागची सहा, म्हणजे पागोळ्या दक्षिणेस गळतात. वळचण पुढेमागे दीड-दीड फूट बाहेर काढली. वळचण हीच खरी भिंत होय. ती तोकडी असेल तर कूड कितीही दाट असो, झड आत येतेच.

पत्रे जुने घेतले, दहा फुटी सहा आणि कुडासाठी तोकडे दोन. जुन्या पत्र्याची एक गोम आहे. त्यास आधीची भोके असतात, ती डांबरात भिजविलेल्या चिंधीने बुजवून वर पुन्हा डांबर फासावे लागते. नवी भोके पाडावयाची ती पन्हळीच्या माथ्यावर, पोटात कधीही नव्हे. पाणी वाहते ते पोटातून. ही साधी गोष्ट, परंतु गावात दहांपैकी पाच छपरे तेवढ्यामुळे गळताना मी पाहिली आहेत. पत्रे घालावयाचे वाऱ्याच्या उलट टोकाकडून, म्हणजे वरच्या पत्र्याची कड वाऱ्याकडे तोंड करीत नाही. आमच्याकडे वारे दोन, दोघांसही राजी राखणे अशक्य. म्हणून पूर्वेकडून आरंभ केला आणि एकाऐवजी दोन पन्हळी एकमेकींवर चढविल्या. एक पत्रा त्यात वाया गेल्यासारखा झाला, असे थोरले भाऊजी अजूनही म्हणतात.

पत्र्याखाली तट्ट्या बांधल्या आणि दोहोंच्या मध्ये चार बोटे पाचट दाबून घातले. हे सुचविले जाऊबाईंनी. त्यांच्या माहेरी पत्र्याच्या पडवीत पौषातल्या पहाटे वरून थेंब पडत असत, आणि पाऊस नसताना हे पाणी कोठले, म्हणून लहानपणी त्यांस भुताची भीती वाटे. ते पत्र्यास फुटलेले दव. पाचटाचा थर असला की घरातील उबदार हवा गार पत्र्यास लागतच नाही. पश्चिमेस आणि दक्षिणेस खालचे दोन फूट पत्रा, वर तट्ट्या. पूर्वेस नुसत्या तट्ट्या. आणि छपराखाली चहूकडे वीतभर फट, तिला बारीक जाळी. उत्तरेस काहीच नाही. पाऊस तिरका आला तर सोडावयास ताडपत्रीचा एक पडदा, तोही जमिनीपासून वीतभर वर थांबणारा. ताडपत्री उन्हाने कुजते, पाण्याने नव्हे. म्हणून ती एरवी गुंडाळून सावलीत ठेवतो.

वहीतील नोंद अशी: पत्रे ३,२००, वेळू १,४००, तट्ट्या १,०००, मुरूम, एक ट्रॉली, १,५००, हूक, वायसर, डांबर ७००, प्लॅस्टिकचा कागद ४००, जाळी ५००, दोन दिवस गड्याची मजुरी १,०००. एकूण रुपये नऊ हजार सातशे. मेढी आपल्या बांधावरच्या, फरश्या आपल्या न्हाणीच्या, श्रम घरचे. खर्च घरखर्चाच्या खात्यातून केला आणि मुद्दामच कोणाच्या नावे मांडला नाही. थोरले भाऊजी मे महिन्याच्या उन्हात फरश्या बसवीत होते आणि धाकटे त्यांस मुरूम आणून देत होते. असे दोघे एकत्र काम करताना मी त्यापूर्वी पाहिल्याचे मला आठवत नाही. टिलर आत गेला. शेजारी पाच फूट जागा उरली, तेथे फवारणीचा पंप, नळ्या, खताची पोती.

त्या पावसाळ्यात लोखंडावर डाग पडला नाही. हे सांगून मला थांबता आले असते.

१ डिसेंबर २०२१ रोजी अवकाळी पाऊस आला. हंगाम भरात, टोळी कोपीत. वारा बोचरा, पाणी दिवसभर आणि रात्रभर. त्याच पावसात जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे मेंढ्या गारठून मेल्या, ते दुसऱ्या दिवशी वाचण्यात आले. कोपी ऊन अडविते, थंडी थोडीफार अडविते. पावसासाठी ती केलेलीच नसते, कारण पाऊस सरल्यावर तोडणी करणारे येतात असा पूर्वापारचा हिशेब. रात्री नऊच्या सुमारास ती म्हातारी दारात आली. तिच्या हातात सुनेचे तान्हे मूल होते, आणि ती आमच्या घराकडे न पाहता छपराकडे पाहत होती. "ताई, लेकराला तेवढं तिथं..." एवढेच म्हणाली.

घरात येण्यास मी म्हटले. ती येईना. चार कोयते होते; कोयता म्हणजे तोडणाऱ्या नवराबायकोची जोडी; त्यांची पोरे धरून चौदा माणसे. एवढ्यांनी परक्याच्या ओसरीवर चढावे, हे तिच्या मनास पटत नव्हते, आणि आम्ही मनापासून बोलावले असते तर ती आली नसती का, ह्याचा निवाडा मी करू शकत नाही. धाकटे भाऊजी उठले. त्यांनी पंप आणि पोती पडवीत आणली, मग टिलरचा ब्रेक सोडला आणि तो ढकलीत बाहेर काढला. थोरले भाऊजी कंदील धरून उभे होते. "अरे, भिजेल तो," ते म्हणाले. धाकटे म्हणाले, "पुसून घेऊ, दादा." मग थोरल्यांनी कंदील माझ्या हाती दिला आणि दुसरी मूठ धरली.

बाया आणि पोरे त्या बारा बाय सातमध्ये आणि पुरुषमंडळी पडवीत, अशी रात्र निघाली. जाऊबाईंनी चहा केला, मी तांदूळ शिजत घातले. पहाटे मी आत डोकावून पाहिले. फरशी कोरडी होती, वरून थेंब नव्हता, आणि उत्तरेकडून वारा मात्र खेळत होता. यंत्रास तो हवा असतो, तान्ह्या मुलास नको असतो. पडद्याखाली राहिलेली ती वीतभर फट म्हातारीने पाचटाच्या पेंढ्यांनी बुजवून टाकली होती. टिलर दोन दिवस बाहेर राहिला. त्याच्या फाळांवर थोडा गंज धरला, तो खरवडून तेलाचा हात फिरविला की झाले.

२०२५ च्या मेअखेरीस तर उन्हाळ्यातच अतिवृष्टी झाली आणि पिंपळीजवळ कालवा फुटला. चर भरून वाहिला, पाणी जोत्यावर चढू लागले आणि दोन इंच खाली असता थांबले. छप्पर टिकले. तट्ट्या तोवर एकदा बदलाव्या लागल्या होत्या, पाचट दोनदा. त्याची छायाचित्रे पुतण्यास पाठविली. त्याचे लगेच उत्तर आले की, पाचट कोठून आणावे हे कळत नाही, तेथे ऊस होत नाही.

२०२१ नंतर भाऊजींनी पूर्वेच्या अंगास आणखी दोन खण वाढविले आहेत. त्यांस चारही बाजूंनी कूड घातले, एका बाजूस चुलीसाठी धुराडे काढले आणि मोरी बांधली. खर्च अठरा हजार आला. ह्या वेळी थोरल्या भाऊजींनी तो दिला आणि वहीत कोणाचे नाव घालावयाचे हे विचारलेही नाही. दोन खणांत दोन कोयते सुखाने राहतात, चार राहात नाहीत. दिवाळीपूर्वी जुने पत्रे आणखी मिळाले तर तिसरा खण घालण्याचा विचार आहे. ह्या हंगामात किती कोयते येणार ते मुकादमास विचारून ठेवले आहे. त्याचा निरोप अजून आलेला नाही.